हाडांतला मुक्काम

"तुम्हाला मुलगा आहे का?" डॉक्टर नूतन शिरगुप्पेंनी विचारलं.

"आहे," हेमांगी म्हणाली.

शेजारच्या खुर्चीतल्या सुहासने खिडकीबाहेर नजर वळवली. शर्विलला जाऊन नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत आपल्या मुलाबद्दल बोलताना हेमांगीने 'होता' हा शब्द एकदाही वापरला नव्हता. घरात दुसऱ्या कुणाच्या तोंडून तो निसटला की ती उठून आत जायची. म्हणून मग हळूहळू घरात त्याचं नाव निघणंच बंद झालं होतं.

"त्याने कधी तुम्हाला रक्त दिलंय? किंवा अस्थिमज्जा?"

"नाही. मी कुणाचंच रक्त घेतलेलं नाही. अकरा वर्षांपूर्वी स्तनाचं ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग माझा अंदाज बरोबर आहे. हेमांगीताई, आधी काळजीची गोष्ट सांगते. दुसरी काळजीची नाही, पण ती कशी सांगायची हे मला नीट कळत नाहीये."

हेमांगी खवणेकर वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होती. सत्तावन्न वर्षांची, उंच, ठणठणीत आवाजाची. बॅटरीवरच्या बसेस आल्या, पाट्यांच्या जागी डिजिटल पडदे आले, तरी गाडी लागल्याची घोषणा तीच करायची, कारण प्रवाशांना यंत्राचा आवाज आवडेना. अकरा वर्षांपूर्वी तिचा कर्करोग वेळेत सापडला, गाठ काढली, केमो झाली, आणि ती पुन्हा माइकसमोर जाऊन बसली. आता कोल्हापूरच्या कर्करोग रुग्णालयात नवं यंत्र आलं होतं आणि जुन्या रुग्णांना तपासणीला बोलावत होते, एवढ्यासाठीच ती आली होती.

यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं. रुग्ण त्याला 'झडती' म्हणत.

"कर्करोगाची गाठ एका जागी राहिली तर आम्ही ती काढून टाकतो," डॉक्टर सांगू लागल्या. "खरी भीती असते ती तिच्यातून निसटणाऱ्या पेशींची. गाठ वाटाण्याएवढी असते तेव्हापासून तिच्यातल्या काही पेशी सुटतात, रक्तवाहिनीची भिंत फोडून आत शिरतात. रक्तात त्यांची धडगत नसते. प्रवाहात चिरडतात, पांढऱ्या पेशी त्यांना खाऊन टाकतात. हजारो निघतात, एखाद-दुसरीच कुठेतरी पोचते. बऱ्याचदा ती हाडात जाते. हाडाच्या आतल्या मज्जेत आपलं शरीर स्वतःच्या मूळ पेशी जपून ठेवतं, अगदी बारीक कोनाड्यांमध्ये. कर्करोगाची पेशी त्या कोनाड्यात शिरते आणि झोपते. वाढत नाही, काही करत नाही. केमोचं औषध वाढणाऱ्या पेशींना मारतं. झोपलेलीला ते ओळखतच नाही."

"आणि मग?"

"मग पाच वर्षांनी, पंधरा वर्षांनी ती जागी होते. किंवा कधीच होत नाही. आत्तापर्यंत आम्हाला ती जागी झाल्यावरच कळायचं. झडतीत मात्र झोपलेली पेशीसुद्धा दिसते. आम्ही तुमच्या रक्तात जे बारीक कण सोडले, ते फक्त अशा पेशींना चिकटतात ज्यांचं बाहेरचं रूप तुमच्या बाकीच्या पेशींपेक्षा वेगळं आहे. चिकटले की यंत्राला त्यांचा ठिपका दिसतो."

त्यांनी पडदा फिरवला. त्यावर हेमांगीच्या सांगाड्याची धूसर आकृती होती. कमरेच्या हाडात आणि मणक्यांत थोडे लाल ठिपके होते.

"या झोपलेल्या कर्करोगाच्या पेशी. ही काळजीची गोष्ट."

"आणि हिरवे?"

हिरवे ठिपके लालपेक्षा जास्त होते. कमरेच्या डाव्या बाजूला तर त्यांची दाटीच होती.

"त्यांनीच आम्हाला चक्रावून टाकलं. म्हणून तर परवा तुमच्या कमरेतून मज्जा काढली. त्या पेशी निरोगी आहेत, पण तुमच्या नाहीत. त्या पुरुषाच्या आहेत." डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "बाळ पोटात असताना त्याच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात उतरतात. बहुतेक मरून जातात. काही त्याच हाडांतल्या कोनाड्यांपर्यंत पोचतात आणि तिथे राहतात. शास्त्राला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पण त्या नेमक्या कुठे आहेत, हे जिवंत माणसात बघता येत नव्हतं."

सुहासने आता मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

"जिवंत आहेत?" हेमांगीने विचारलं.

"हो. तुमच्या केमोतूनसुद्धा तगल्या त्या."

हेमांगी उठली आणि पडद्याजवळ गेली. बोट लावलं नाही. नुसती उभी राहिली.

शर्विल बाविसाव्या वर्षी मालवाहू जहाजावर तिसरा अधिकारी म्हणून लागला होता. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी समुद्र खवळला असताना सुटलेली एक साखळी बांधायला तो डेकवर गेला, आणि आलेल्या लाटेबरोबर गेला. जहाज तिथेच घिरट्या घालत राहिलं, दुसरी जहाजं आली, विमान आलं. काही मिळालं नाही. त्या वेळी हेमांगी सावंतवाडीची गाडी लागल्याची घोषणा करत होती. दाखवायला काही नाही, हात लावायला काही नाही. तिने ना कसले विधी होऊ दिले, ना भिंतीवर फोटो लावू दिला.

"उपचार आहे," डॉक्टर मागून सांगत होत्या. "आणि चांगला आहे. आधी एक औषध देतो. पेशींनी कोनाड्यात ज्या धाग्यांनी स्वतःला धरून ठेवलेलं असतं, ते धागे हे औषध सोडवतं. सगळ्या पेशी रक्तात येतात. मग तुमच्याच पांढऱ्या पेशी, ज्यांना आम्ही बाहेर शिकवून तयार करतो, त्या परत तुमच्यात सोडतो. ज्याला ज्याला आमचा कण चिकटलाय, त्याला त्या संपवतात. इथल्या नर्स त्याला 'हुसकावणी' म्हणतात. शंभरातल्या नव्वदजणी पूर्ण स्वच्छ होतात."

"कण तर हिरव्यांनाही चिकटलेत."

"हो."

"म्हणजे त्याही जाणार."

"त्या नसल्याने तुमच्या तब्येतीला काही फरक पडणार नाही, हेमांगीताई."

हेमांगी वळली. "लाल जाग्या झाल्या नाहीत, तर मी अशीच राहू शकते ना?"

"राहू शकता. वर्षभर किंवा वीस वर्षं. पण ते तुमच्या किंवा माझ्या हातात नाही."

"मग सध्या नको," ती म्हणाली.

*

आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीपर्यंत सुहास काही बोलला नाही. त्याचा वेंगुर्ल्याच्या बंदरात बर्फाचा कारखाना होता, आणि दिवसभर यंत्रांच्या घरघरीत राहून त्याला कमी बोलायची सवयच झाली होती. शर्विल गेल्यावर उरलेलं बोलणंही आटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर हेमांगी मागच्या पडवीत कुशीवर पडली होती. तो आला, तिच्यामागे जमिनीवर बसला.

"खंय आसा?" त्याने विचारलं.

तिला लगेच कळलं. तिने हात मागे नेऊन कमरेच्या डाव्या हाडावर ठेवला. "हंयसर."

सुहासने आपला तळहात तिथे टेकवला. बर्फाच्या लाद्या उचलून उचलून राठ झालेला तो हात बराच वेळ तसाच होता. सत्तावीस वर्षांपूर्वी ईरा पोटात असताना, आणि त्याआधी शर्विलच्या वेळी, तो असाच तिच्या पोटावर हात ठेवून बसायचा आणि लाथ लागली की दचकायचा. आता काही हलणार नव्हतं, तरी तो वाट बघत असल्यासारखा बसला होता.

"बरो आसा मा?" तो शेवटी म्हणाला.

"बरो आसा," ती म्हणाली.

नऊ वर्षांत त्या दोघांनी मुलाबद्दल एकमेकांशी बोललेली ही पहिलीच वाक्यं होती.

*

ईरा पुण्याहून आली ती तडक स्वयंपाकघरात. खांद्यावरची बॅगसुद्धा तिने उतरवली नव्हती.

"बाबांनी फोनवर सांगितलं ते खरं आहे? तू नाही म्हणालीस?"

"बस आधी. आमटी गरम करते."

"आई, मी डॉक्टर शिरगुप्पेंशी बोललेय. त्या म्हणाल्या आत्ता सगळं सोपं आहे. एकदा का पेशी जाग्या होऊन वाढायला लागल्या की इतकं सोपं राहणार नाही. तू कशासाठी थांबली आहेस?"

"तुला माहीत आहे कशासाठी."

ईराने बॅग खाली टाकली. "तो दादा नाहीये. आई, ऐक माझं. त्या पेशी आहेत. तो जन्मायच्या आधी तुझ्याकडे राहिलेल्या. त्यांना तुझं नाव माहीत नाही. तो बोटीवर गेला हे माहीत नाही. त्यांना काहीच माहीत नाही."

"मला माहीत आहे ना."

"आणि मी?" ईराचा आवाज चढला. "मीपण नऊ महिने तिथेच होते. माझ्या किती निघाल्या?"

हेमांगीने आमटीचं पातेलं खाली ठेवलं. तिने हे डॉक्टरांना विचारलं होतं. मज्जेत मुलीच्या पेशी सापडल्या नव्हत्या. असं होतं, डॉक्टर म्हणाल्या होत्या, कुणाच्या राहतात, कुणाच्या राहत नाहीत, त्याला काही कारण नसतं.

तिच्या गप्प राहण्यावरून ईरा समजली. ती एकदम शांत झाली.

"बरोबर," ती म्हणाली. "तिथेही तोच. आई, मी सत्तावीस वर्षांची आहे. मला अजून पुष्कळ वर्षं आई लागणार आहे. तू त्याच्या मूठभरसुद्धा नसलेल्या पेशींसाठी माझी आई पणाला लावते आहेस. दादाला विचारलं असतं ना, तर त्याने तुला उचलून त्या हॉस्पिटलात नेऊन टाकलं असतं."

"तो असा नाही," हेमांगी म्हणाली.

"नाही?" ईरा म्हणाली. "तुला काय माहीत तो कसा होता!"

हेमांगी उठून आत गेली. ईरा न जेवता संध्याकाळच्या गाडीने परत गेली. त्या दिवशी घोषणेला दुसरा नियंत्रक होता.

*

त्यानंतर हेमांगी दर काही महिन्यांनी कोल्हापूरला झडतीला जाऊ लागली. डॉक्टरांना वाटे, ती लाल ठिपके बघायला येते. यंत्र चालवणाऱ्या अल्फियाला मात्र खरं कळलं होतं. झडती संपली की ती काही न बोलता पडदा हेमांगीकडे फिरवायची, लाल रंग बंद करायची आणि चहा प्यायला बाहेर जायची.

हेमांगी बसून राहायची. हिरवे ठिपके तसेच असत, त्याच जागी. कधी एखादा थोडा सरकलेला वाटे. तिला आठवायचं, तो पोटात असताना सोनोग्राफीच्या पडद्यावर असाच एक ठिपका दिसला होता आणि त्यातच त्याचं काळीज चालू होतं. तेव्हा तिने त्या ठिपक्यावरून केवढं मोठं माणूस कल्पलं होतं. आता ती उलट्या दिशेने जात होती. एवढ्या मोठ्या माणसाला तिला पुन्हा ठिपक्यात बसवायचं होतं.

तिचं वागणं बदललं. ती वेळेवर जेवू लागली, ताजे मासे आणायला सुहासला स्वतःहून सांगू लागली. जड काही उचलताना डाव्या बाजूवर भार देईना. स्टँडवर गर्दीत कुणाचा धक्का लागला तर हात आपोआप कमरेवर जाई. एकदा कंडक्टर वैभव म्हणाला, "मॅडम, कंबर दुखते काय?" ती हसून म्हणाली, "नाही रे, बरी आहे." आणि खरंच, त्या दिवसांत तिला बरं वाटत होतं. समुद्राकडे पाठ करून बसायची तिची सवय सुटली. बंदरावर सुहासला डबा द्यायला ती पुन्हा जाऊ लागली. समुद्र सगळाच्या सगळा त्याला घेऊन गेला नाही, थोडं माझ्याकडे राहिलं, असं तिला पाण्याकडे बघताना वाटायचं.

ईराचा फोन येई तो सुहासला. "आई बरी आहे ना?" एवढं विचारून ती ठेवून देई.

मग एका झडतीनंतर अल्फियाने पडदा फिरवला नाही. "डॉक्टर येतायत," ती म्हणाली. तिने हेमांगीकडे पाहायचं टाळलं.

तिसऱ्या मणक्यात जिथे एक लाल ठिपका होता तिथे आता घोळका होता. डॉक्टर शिरगुप्पे खुर्ची ओढून हेमांगीच्या अगदी जवळ बसल्या.

"जागी झाली," त्या म्हणाल्या. "अजून आपल्या आवाक्यात आहे. पण आता थांबता येणार नाही. या वाढतील, तिथून पुन्हा रक्तात शिरतील, आणि मग यकृत, फुप्फुस, कुठेही जातील."

"फक्त लाल मारणाऱ्या पेशी नाही तयार करता येणार? हिरव्या सोडून?"

"मीसुद्धा तेच शोधत होते, खरं सांगते. करता येतील. पण दोन्हींत फरक करायला शिकवायचं म्हणजे वर्ष तरी जाईल. तेवढं आपल्याकडे नाही." डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला. "एक करता येईल. औषध दिल्यावर सगळ्या रक्तात येतील, तेव्हा थोडं रक्त काढून हिरव्या वेगळ्या करते. तुमच्यात परत नाही सोडता येणार, कारण एक जरी लाल चुकून त्यांच्यासोबत राहिली तर सगळं व्यर्थ. पण गोठवून ठेवता येतील. नळीत, शीतपेटीत. हव्या तेवढ्या वर्षांसाठी."

हेमांगीने आपला हात सोडवून घेतला.

"गार जागेत नको," ती म्हणाली. "एकदा गार पाण्यात राहिलाय तो. परत नको."

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

घरी येऊन हेमांगीने आपल्या फोनवरून ईराला फोन लावला. ईराने उचलला.

"जागी झालीय," हेमांगी म्हणाली. "करायचं ठरवलंय. तू येशील?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग ईरा म्हणाली, "आई, मी तेव्हा तसं बोलायला नको होतं."

"तू बोललीस ते बरोबर होतं. मला ऐकायला वेळ लागला. येशील ना?"

"येते."

*

हुसकावणीच्या सकाळी हेमांगीच्या दोन्ही हातांना नळ्या होत्या. सुहास खोलीच्या कोपऱ्यात उभा होता. त्याला बसवेना. ईरा पलंगाला लागून स्टुलावर.

नर्सने पहिलं औषध सोडलं. "हाडं ठणकतील," ती म्हणाली. "थंडी वाजेल. झोपेचं इंजेक्शन देऊ का? बहुतेक जणी घेतात. कळत नाही मग काही."

"नको," हेमांगी म्हणाली. "मला जागं राहायचंय."

थोड्या वेळाने ठणका सुरू झाला, कमरेतून, मग पाठीतून. दात वाजू लागले. ईराने दोन पांघरुणं घातली. डॉक्टर शिरगुप्पे येऊन पडद्यावर काही आकडे बघून गेल्या, आणि दारातून परत वळल्या.

"सुटल्या," त्या म्हणाल्या. "कोनाडे रिकामे होतायत. सगळ्या रक्तात आहेत आता."

"रक्तात म्हणजे कुठे?" सुहासने विचारलं.

"सगळीकडे. साधारण एका मिनिटात सगळं रक्त हृदयातून एकदा फिरून येतं."

"डोक्यात पण? हातांत?" हेमांगीने विचारलं.

"सगळीकडे."

"दुसरं औषध कधी?"

"दुपारनंतर. रक्तात पुरेशा आल्या की."

डॉक्टर गेल्या. हेमांगीने डोळे मिटले. ठणका होताच, पण तिला तो फार लांबून येत असल्यासारखा वाटत होता. एकतीस वर्षं तो तिच्या हाडांत एका जागी बसून होता. आता तो तिच्या अंगभर हिंडत होता. तिच्या काळजातून जात होता, गळ्यातून वर चढत होता, डोळ्यांच्या मागून फिरून खाली येत होता, बोटांच्या टोकांपर्यंत जाऊन परत वळत होता. लहानपणी तो शाळेतून आला की असाच घरभर हिंडायचा. या खोलीतून त्या खोलीत, दप्तर एकीकडे, चपला दुसरीकडे. ती ओरडायची, अरे, एका जागी बस की.

"हात दे," ती ईराला म्हणाली.

ईराने हात दिला. हेमांगीने तिची दोन बोटं धरून आपल्या मनगटावर, नाडीवर ठेवली.

ईराला आधी कळलं नाही. मग कळलं. ती पुढे वाकली आणि आईच्या मनगटावर कपाळ टेकून रडू लागली. नऊ वर्षांपूर्वी ती बातमी आली तेव्हा आईला सांभाळण्याच्या गडबडीत तिचं रडणं राहूनच गेलं होतं. हेमांगी तिच्या केसांवरून नळीचा हात सांभाळून फिरवत राहिली.

"बाबा, तुम्हीपण या," ईरा म्हणाली.

सुहास आला. त्याला मनगटावर नाडी सापडेना, त्याने हेमांगीच्या कानाखाली, गळ्याशी बोटं ठेवली. तिथे नाडी जोरात उडत होती. तिघं तशीच राहिली. दुपारी जेवणाची ट्रॉली आली आणि कुणी काही न घेता परत गेली.

नर्स दुसरी पिशवी घेऊन आली तेव्हा तिच्या मागे डॉक्टर होत्या. पिशवीतलं पाणी किंचित गढूळ दिसत होतं. त्यात हेमांगीच्याच, शिकवून आणलेल्या पांढऱ्या पेशी होत्या.

"सुरू करू?" डॉक्टरांनी विचारलं.

हेमांगीने एकदा सुहासकडे पाहिलं, एकदा ईराकडे.

"करा," ती म्हणाली.

ताप चढला, अंग भाजून निघालं. पण ती जागी राहिली. ओठ हलत होते. जवळ बसलेल्या ईराला शब्द ऐकू येत होते. आई काही विशेष बोलत नव्हती. नुसतं, हो रे, आहे मी, इथेच आहे, हो, असं म्हणत होती. संध्याकाळपर्यंत म्हणत राहिली. मग ताप उतरू लागला, ओठ थांबले, आणि तिने पाणी मागितलं.

*

पुढच्या झडतीला डॉक्टर शिरगुप्पे स्वतः यंत्रापाशी उभ्या होत्या. आकृती उमटली तेव्हा त्यांच्या तोंडून "वा!" निघून गेलं, आणि लगेच त्यांनी स्वतःला आवरलं. हेमांगीने पडद्याकडे पाहिलं. मणके राखाडी, कंबर राखाडी. लाल नाही. हिरवं नाही.

"हिरवं पुन्हा एकदा बघता?" ती म्हणाली.

अल्फियाने पुन्हा पाहिलं. सावकाश, प्रत्येक हाड मोठं करून. मग मान हलवली.

"तुम्ही बऱ्या झालात, हेमांगीताई," डॉक्टर म्हणाल्या. "वाईटही वाटतंय मला. पण तुम्ही बऱ्या झालात."

"हो," हेमांगी म्हणाली. "तेव्हा मी जवळ नव्हते डॉक्टर. गाड्या सोडत होते. या वेळी होते."

परतीच्या वाटेवर ईरा गाडी चालवत होती. सुहास मागच्या सीटवर झोपून गेला होता. घाटात धुकं उतरलं होतं म्हणून ईराने गाडी हळू घेतली होती. हेमांगीचा हात सवयीने कमरेवर गेला. तिने तो काही क्षण तिथेच ठेवला, मग मांडीवर आणला.

"ईरा, तुला दादाची आठवण येते?"

"रोज."

"मग कधी बोलत का नाहीस?"

ईराने समोर रस्त्याकडे पाहत म्हटलं, "कुणाशी बोलू? तू उठून जायचीस."

हेमांगीने मान हलवली. एक वळण गेलं, दुसरं गेलं.

"तू त्या दिवशी म्हणालीस, तो कसा होता ते मला काय माहीत. खरंच नाही माहीत. बावीस वर्षांतली शेवटची चार तो घराबाहेरच होता. मला फोनवर सांगायचा ते एवढंच, जेवलो, झोपलो, बरा आहे. तुला माहीत असेल असं काही सांग ना."

ईराने थोडा विचार केला. मग तिला हसू आलं. "सांगू? ओरडणार नाहीस?"

"आता कुणावर ओरडू?"

"त्याचं एका मुलीवर प्रेम होतं. मलर नाव तिचं. तुतिकोरिनच्या बंदरातल्या कचेरीत होती. बोट तिथे लागायची ना मधूनमधून."

हेमांगी पूर्ण वळून बसली. "काय सांगतेस!"

"शप्पथ. वर्षभर चाललेलं. तो तमिळ शिकत होता."

"तमिळ? त्याला मराठीतला ऱ्हस्व-दीर्घ कधी जमला नाही!"

"तेच ना! मला फोन करून पाठ म्हणून दाखवायचा, आणि मला तरी कुठे कळत होतं बरोबर की चूक! त्याला त्या मलरच्या आईला भेटायला जायचं होतं. फार कडक बाई होती म्हणे. तर याने ठरवलं होतं, दारात गेल्या गेल्या पहिलं वाक्य तमिळमध्ये बोलायचं, म्हणजे ती गारच पडेल."

"भेटला का मग?"

"नाही. त्याच फेरीनंतर जाणार होता."

हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिचं तोंड हसतच होतं. बाविसाव्या वर्षीचा शर्विल तिला एका अनोळखी दारासमोर उभा दिसत होता. इस्त्रीचा शर्ट घातलेला, ओठांतल्या ओठांत पाठ करणारा. हा शर्विल तिने कधीच पाहिला नव्हता.

"ती मुलगी आता कुठे असते?"

"तिथेच. लग्न झालंय तिचं, एक मुलगी आहे. पण दादाच्या वाढदिवसाला मला मेसेज करते दरवर्षी."

"आणि ते वाक्य? काय म्हणणार होता तो तिच्या आईला?"

"फार काही नाही गं. 'जेवलात का', एवढंच."

"तमिळमध्ये कसं म्हणतात ते?"

ईराने गाडी अजून हळू केली. डोळे बारीक करून आठवलं. "साप्पिट्टींगळा."

"साप्पि..."

"साप्पिट्टींगळा."

"साप्पिट्टिंगला."

"नाही गं. 'टीं' लांब. आणि शेवटी 'ळा'. तोही इथेच चुकायचा."

"थांब, मला म्हणू दे," हेमांगी म्हणाली, आणि घाट उतरेपर्यंत ती तो शब्द म्हणत राहिली.